काका, कंपनी राहू द्या. आधी तिकिटावरच्या अटी बघू

वाचकाचं पत्र:

ताई, सांगलीहून लिहितो आहे. एसटीत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आमची धाकटी एडिनबराला एमएस्सी झाली, नोव्हेंबरअखेरीस तिचं पदवीदान आहे. मी आणि ही, दोघं पहिल्यांदाच देशाबाहेर निघालो आहोत. माझं वय 63, हिचं 58. हिचे गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. मुंबई ते लंडन विमानाची तिकिटं काढून झाली आहेत. बुधवारी दुपारी साडेबाराला हीथ्रोला उतरतो, समारंभ शुक्रवारी आहे. लंडनहून पुढे रेल्वेने जायचं ठरलंय. अडलंय ते इथेच. एकाच मार्गावर दोन कंपन्या आहेत. लुमो म्हणून एक खासगी आहे, तिची बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराची गाडी माणशी 36 पौंडांना मिळते. एलएनईआर म्हणून दुसरी, ती सरकारी आहे म्हणे, तिचं साधं तिकीट 68 पौंड आणि वेळेची थोडी सवलत असलेलं 98 पौंड. मुलगा म्हणतो स्वस्तातलं घ्या, गाडी सारखीच आहे. मुलगी म्हणते मी लंडनला घ्यायला येते. मला तिला त्रास द्यायचा नाही. आणि खरं सांगू का, वडापने, म्हणजे स्टँडबाहेरून प्रवासी भरणाऱ्या खासगी जीपगाड्यांनी, आमची एसटी कशी पोखरली ते मी बारा वर्षं स्टँडवर उभं राहून पाहिलंय. खासगीला पैसे द्यायला माझा जीव होत नाही. पण फरक दोघांत मिळून चौसष्ट पौंडांचा आहे, आणि पेन्शनीत राहणाऱ्या माणसाला तो दिसतो. काय करू?

उत्तर:

काका, सप्रेम नमस्कार, आणि लेकीच्या यशाबद्दल तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. बुधवारी कुठलीच गाडी पकडू नका. ती रात्र लंडनमध्ये, एडिनबराच्या गाड्या जिथून सुटतात त्या किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आसपास काढा. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास सुटणाऱ्या एलएनईआरच्या गाडीचं साधं आगाऊ तिकीट घ्या. आणि परतीच्या प्रवासाला लुमो घ्या, अगदी निर्धास्त मनाने.

तुम्ही विचारलंत की दोन कंपन्यांतली कुठली. पण काका, तुमच्या बाबतीत कंपनी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तिकिटाचा आहे. ब्रिटनमध्ये तुम्हाला दिसलेली 36 आणि 68 पौंडांची दोन्ही तिकिटं एकाच जातीची आहेत. त्यांना तिथं ॲडव्हान्स तिकीट म्हणतात. ते त्या कंपनीच्या, त्या दिवसाच्या, त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडी सुटायच्या आधी शुल्क आणि भाड्यातला फरक भरून ते बदलता येतं, पण रद्द करून पैसे परत मागता येत नाहीत. गाडी सुटली की त्या तिकिटाचा कागद होतो. तुम्ही कंट्रोलर असताना किती वेळा एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला म्हणाला असाल, ‘बसा मागच्या गाडीत, मी वाहकाला सांगतो.’ तिथं असं सांगणारा कोणी भेटलाच तर ते नशीब समजायचं, त्यावर बेत आखायचा नाही.

एक गाडी उशिरा पोचली आणि तिच्यामुळे जोडून काढलेली पुढची रेल्वेगाडी चुकली, तर रेल्वे तुम्हाला पुढच्या गाडीत घेते. विमान उशिरा आलं, हे मात्र रेल्वेच्या लेखी कारणच नाही. पासपोर्टची रांग लांब होती हेही नाही, आणि बॅगा पट्ट्यावर यायला तास लागला हेही नाही. त्यामुळे बुधवारची सगळी जोखीम तुमच्या खिशावर आहे.

आता तुमच्याच पद्धतीने वेळापत्रक मांडून बघू. साडेबाराला विमान टेकलं. दाराशी लागून, उतरून, चालत पासपोर्टच्या हॉलपर्यंत जायला अर्धा तास. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन-तीन विमानं एकदम उतरली असली तर तास सहज जातो. मग बॅगा. मग पिकॅडिली मार्गाची भुयारी रेल्वे. ती हीथ्रोहून थेट किंग्ज क्रॉसला जाते, गाडी बदलावी लागत नाही, दोन्हीकडे लिफ्ट आहे. वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करता हाच मार्ग बरा, पण त्याला साधारण तास लागतो. सगळं मनासारखं झालं तरी साडेतीन वाजतात, आणि तुमच्या लेकराने शोधलेली गाडी साडेतीनचीच आहे. स्वतःच्या आगारात अशी जोडणी तुम्ही कधी लावली असती का?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन युरोपातल्या दुसऱ्या एका देशात गेले होते. विमान उतरल्यावर तीन तासांनी सुटणाऱ्या गाडीची स्वस्त तिकिटं मी घेतली होती आणि शहाणपणा केला असं मला वाटत होतं. विमान दीड तास उशिरा आलं. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटून नऊ मिनिटं झाली होती. खिडकीवर जाऊन नवी तिकिटं घेतली, ती पहिल्याच्या जवळपास चौपट. पैशांचं दुःख दोन दिवसांत विसरले. आई मात्र त्या थंड फलाटावर बॅगेवर बसून राहिली होती, आणि ‘माझ्यामुळे उशीर झाला का गं?’ असं तीनदा विचारत होती. ते अजून आठवतं. वहिनींवर ती वेळ येऊ नये, म्हणून इतकं आग्रहाने लिहिते आहे.

तुम्ही लिहिलेलं 98 पौंडांचं तिकीट याच अडचणीवरचा एक उपाय आहे. एलएनईआरने 2024 पासून लंडन–एडिनबरा मार्गावर ते सुरू केलं. त्यात एक गाडी नक्की करायची, पण तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या 70 मिनिटांतली एलएनईआरची कुठलीही गाडी चालते. म्हणजे पाचची गाडी धरलीत, तर तीन वाजून पन्नास मिनिटांपासून सहा वाजून दहा मिनिटांपर्यंतची कुठलीही. कुठल्याही वेळी, कुठल्याही कंपनीच्या गाडीत चालणारं खुलं तिकीटही मिळतं, पण ते माणशी दोनशे पौंडांच्या आसपास जातं. त्याचं नावच काढू नका. घरच्यांनी बुधवारीच निघायचा फारच आग्रह धरला, तर 70 मिनिटांवालं तिकीट घ्या आणि पाच-साडेपाचची गाडी धरा. पण मग एडिनबराला पोचायला रात्रीचे साडेनऊ-दहा होणार. सांगलीचं घर सोडल्यापासून चोवीस तास उलटून गेलेले असतील. हा पर्याय आहे, पण मला तो आवडत नाही.

रात्र लंडनमध्ये काढायची तर हॉटेलचे पैसे पडतात, हे मला कळतं. पण दोघांच्या तिकिटांत मिळून 60 पौंडांचा फरक इथंच वाचतो: 98 च्या जागी 68 वालं बांधील तिकीट निर्धास्तपणे घेता येतं, कारण सकाळी तुम्ही स्टेशनपासून दहा मिनिटांवर असता. गुरुवार सकाळचा भाव लेकीला आजच बघायला सांगा. हे भाव गाडी भरत जाईल तसे चढतात, आणि आगाऊ तिकिटं संपली की संपली.

आता दोघांतून एलएनईआरच का. मुलगा म्हणतो गाडी सारखीच, आणि त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. दोन्ही गाड्या हिताचीने बनवलेल्या. दोन्ही किंग्ज क्रॉसवरूनच सुटतात, त्याच 632 किलोमीटरच्या रुळांवरून धावतात आणि साडेचार तासांच्या आगेमागे एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर पोचवतात. लुमोचे पाचच डबे असतात, एकच वर्ग, थांबे थोडे. बसायला ती वाईट मुळीच नाही. एलएनईआरच्या गाडीला अझुमा म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ पूर्व. तिच्यात दोन वर्ग आहेत, खाण्यापिण्याचा छोटा काउंटर आहे, आणि सीटवरच्या दिव्याच्या रंगावरून जागा राखीव आहे की मोकळी ते कळतं.

खरा फरक फेऱ्यांत आहे, आणि तो तुमच्याइतका कोणाला कळणार? लुमोच्या दिवसाला पाचएक फेऱ्या. एलएनईआरची दिवसभर साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाला एडिनबराकडे गाडी असते. सगळं सुरळीत असतं तेव्हा याचं महत्त्व शून्य. फेरी रद्द झाली की मात्र हीच एक गोष्ट उरते. ज्या कंपनीची पुढची गाडी अर्ध्या तासात आहे, तिच्या प्रवाशाला उभं राहून का होईना जाता येतं. जिची पुढची गाडी तीन तासांनी आहे, तिचा प्रवासी फलाटावर अडकतो. मोठा खोळंबा झाला तर कंपन्या एकमेकींची तिकिटं चालवून घेतात, पण तो त्या-त्या वेळचा निर्णय असतो.

त्यात नोव्हेंबर. उत्तर समुद्राच्या कडेने जाणारा हा मार्ग, वादळी वाऱ्यात वरच्या विजेच्या तारांना इजा होते, वेग कमी करावा लागतो. एलएनईआरच्या बऱ्याच गाड्यांत विजेबरोबर डिझेल इंजिनंही आहेत, वीज गेली तरी त्या पुढं सरकू शकतात. लुमोच्या गाड्या निव्वळ विजेवरच्या. तार तुटली तर त्यांच्यातल्या बॅटऱ्या दिवे आणि हवा चालू ठेवतात, गाडी मात्र हलत नाही. पुढची लाईनच बंद असली तर डिझेलवालीही थांबणार, हे खरं. तरी ज्या प्रवासाच्या टोकाला लेकीचा समारंभ आहे, त्या प्रवासात मी फेऱ्या जास्त असलेल्या कंपनीकडे जाईन. तीस-बत्तीस पौंड जास्त मोजते आहे ते मऊ सीटसाठी नव्हे, मागच्या गाडीसाठी, असं मनाशी म्हणा.

आता तुमच्या मनातली दुसरी गोष्ट. तिच्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही ती जीव लावून लिहिली आहे.

ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने सरकारी रेल्वेचे तुकडे झाले. रूळ, सिग्नल, स्टेशनं एकीकडे गेली, आणि गाड्या चालवण्याचे ठेके मार्गामार्गाने खासगी कंपन्यांना दिले गेले. रूळ आज नेटवर्क रेल या सरकारी संस्थेकडे आहेत. पूर्व किनाऱ्याचा हा मार्ग एकामागून एक ठेकेदारांनी घेतला आणि पैशांचं गणित न जुळल्याने सोडला. 2009 मध्ये सरकारने तो एकदा हातात घेतला, 2015 मध्ये पुन्हा खासगीला दिला, आणि 24 जून 2018 पासून तो परत सरकारी मालकीच्या एलएनईआरकडे आहे. हे नावही जुनं आहे. 1923 मध्ये स्थापन झालेली एलएनईआर ही एक खासगी कंपनी होती, आणि 1948 च्या 1 जानेवारीला ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ती विसर्जित झाली. तुम्हाला 1948 हे साल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी 1 जूनला आपली पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली.

लुमो ही फर्स्टग्रुप या खासगी समूहाची. ती 25 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली, तेव्हा तिने साडेचौदा-पंधरा पौंडांपासून तिकिटं जाहीर केली होती. ती ठेकेदार नाही. सरकारकडून पैसे घेत नाही, नफा-तोटा तिचा तिचा. रुळांवर मोकळी वेळ असेल तर रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाकडे अर्ज करायचा, रुळांचं भाडं भरायचं आणि ठरल्या वेळी गाडी चालवायची, अशी ती व्यवस्था आहे. तिथं तिला खुला प्रवेश म्हणतात.

वडापसारखंच वाटतं ना? तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, आणि तिथंही लोक नेमका हाच वाद घालतात. एलएनईआर लीड्स, हॅरोगेट, ॲबर्डीन, पार इन्व्हर्नेसपर्यंत जाते, भरल्या-रिकाम्या सगळ्या फेऱ्या करते. लुमोने मलईचा मार्ग उचलला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणून नियामक एक कसोटी लावतो: नवी कंपनी आहे त्याच गाडीतले प्रवासी पळवणार आहे, की नवे प्रवासी रेल्वेकडे आणणार आहे? नुसती पळवापळवी असेल तर परवानगी नाही. लुमोचा भर लंडन–एडिनबरा विमानाने जाणाऱ्यांवर होता, आणि मॉर्पेथसारख्या छोट्या गावालाही ती थांबते. आणि वडापमध्ये व तिच्यात मोठा फरक आहे तो शिस्तीचा. ती स्टँडच्या दाराशी उभी राहून तुमच्या गाडीच्या पाच मिनिटं आधी प्रवासी भरत नाही. तिची वेळ छापील, तिचा फलाट नेमलेला, आणि रेल्वेच्या सवलत-कार्डांसारख्या समान सोयी तिच्याकडेही चालतात.

माझं मत विचाराल तर स्पर्धेने या मार्गावर सामान्य माणसाचं भलं केलं. चार आठवडे आधी ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला लंडनला जाऊन येणं परवडू लागलं. पण रुळांवरच्या वेळा मोजक्या असतात. एका कंपनीला दिलेली वेळ दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या गाडीतून कापलेली असते, आणि ते गाव सहसा अर्ज करायला येत नाही. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा जाताना एलएनईआर घेतलीत तर तुमच्या तत्त्वालाही धरून होईल. पण परतीला लुमोत बसलात म्हणून एसटीशी बेइमानी झाली असं मनात आणू नका.

आणि या मार्गावरची चुरस आजची नाही. 1888 च्या उन्हाळ्यात लंडन–एडिनबरा मार्गावर पूर्व किनाऱ्याने आणि पश्चिम किनाऱ्याने गाड्या नेणाऱ्या कंपन्यांत अशी ईर्षा पेटली की पूर्वेकडच्या गाडीने नऊ तासांचा प्रवास साडेसात तासांच्या आत आणला. 1895 मध्ये हीच शर्यत ॲबर्डीनपर्यंत लागली. पुढच्या वर्षी, 1896 च्या जुलैत, पश्चिमेकडची रात्रीची गाडी प्रेस्टनच्या वळणावर वेग न आवरल्याने रुळांवरून घसरली आणि एक प्रवासी दगावला. लोक घाबरले. मग कंपन्यांनी आपसात ठरवलं की लंडन–एडिनबराला सव्वाआठ तासांपेक्षा कमी वेळ लावायचाच नाही, आणि हा समझोता 1932 पर्यंत टिकला. गाड्या त्याहून जोरात धावू शकत असताना! दहा वाजताच्या गाडीची आठवण तर आणखी मागे जाते. 1862 पासून दोन्ही शहरांतून सकाळी दहाला एकमेकींकडे गाडी सुटत असे. तुम्ही गुरुवारी दहाच्या सुमारास निघाल, तेव्हा त्या वेळेला दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे हे तुमच्यासारख्या माणसाला नक्की आवडेल.

पैशांची एक गोष्ट लगेच करून टाका. दोघं एकत्र प्रवास करणाऱ्यांसाठी ‘टू टुगेदर’ नावाचं सवलत-कार्ड मिळतं. 35 पौंडांना, वर्षभर चालतं, दोघांचे फोटो लागतात, आणि दोघं सोबत असाल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोन्ही कंपन्यांना चालतं, आगाऊ तिकिटांनाही. तुमच्याच आकड्यांनी हिशोब केला तर जाण्याचे 136 आणि येण्याचे 72, मिळून 208 पौंड. त्यातले जवळजवळ 69 वाचतात, कार्डाचे 35 वजा जाता 34 हातात राहतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. दहाची गाडी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. ज्येष्ठांचं कार्ड साठीनंतर मिळतं, पण ते एकेकट्याचं असतं आणि वहिनी अजून साठीच्या आत आहेत, म्हणून त्याच्या मागे लागू नका. तिकिटं एलएनईआरच्या संकेतस्थळावरून काढायला सांगा. तिथं वरचा आकार पडत नाही. काही खासगी ॲप तो लावतात.

गुडघ्यांसाठी ‘पॅसेंजर असिस्ट’ नावाची मोफत सोय आहे. वय किंवा दुखणं यामुळे मदत हवी असेल तर आधी नोंदवायचं. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंद घेतात, पण लेकीने तिकिटाबरोबरच करून टाकलेली बरी. स्टेशनवरचा माणूस गाडीपर्यंत नेतो, चढायला मदत करतो, आणि उतरण्याच्या ठिकाणी दुसरा येतो. यात संकोच करू नका. किंग्ज क्रॉसला गाडीचा फलाट सुटायच्या थोडाच वेळ आधी फलकावर लागतो, आणि सगळी गर्दी एकदम त्या दिशेने चालू लागते. अशा वेळी सोबत माणूस असणं फार मोलाचं आहे.

सामान माणशी दोन मोठे नग आणि हातातली एक पिशवी, इतकं रेल्वेत फुकट नेता येतं. पण ते उचलून ठेवायचं तुम्हालाच असतं आणि डब्याच्या टोकाची मांडणी लहान असते. चार मोठ्या बॅगांऐवजी दोन मध्यम न्या. परतीला लुमोचं तिकीट काढताना तिच्या पानावरचा सामानाचा नियम आधी वाचून घ्या. पाच डब्यांच्या गाडीत जागा मोजकीच. जाता जाता फराळाचंही सांगते: चकली, चिवडा, शंकरपाळे तेलातले करून न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिथं नेऊ देत नाहीत आणि विमानतळावर टाकून द्यावे लागतात. वहिनींचे कष्ट वाया जायला नकोत. गाडीत घरचं खायला कोणाची हरकत नसते.

परतीची गोष्ट वेगळी का? तिथं तुमच्या मागे विमान नाही, लेकीचं घर आहे. गाडी रद्द झाली तर दोन तास तिच्याकडे परत जाऊन बसता येईल. अट एकच. विमानाच्या आदल्या दिवशी लंडनला पोचायचं, त्याच दिवशी नाही. आणि तो दिवस रविवार येत असेल तर तिकीट काढण्याआधी त्या तारखेला रुळांचं काम निघालेलं नाही ना, ते बघून घ्या. शनिवार-रविवारी तिथं मार्ग अर्धा बंद ठेवून कामं करतात, गाड्या वळवतात, मध्येच बसमध्ये बसवतात. जमलं तर शनिवार-रविवार टाळूनच निघा. तिकिटाचा कागद किंवा मोबाइलवरचं चित्र जपून ठेवा. एलएनईआरची गाडी अर्ध्या तासाहून जास्त उशिरा पोचली तर भाड्याचा निम्मा भाग, तासाहून जास्त झाला तर पूर्ण भाडं परत मागता येतं, 28 दिवसांच्या आत अर्ज करायचा. लुमोचेही भरपाईचे नियम तिच्या पानावर असतात. आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद तेजस सुरू झाली तेव्हा तासाच्या उशिराला शंभर आणि दोन तासांना अडीचशे रुपये देऊ केले होते, त्याच वळणाचं हे.

मुलीने लंडनला यायची गरज नाही. तिच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात तुमची लंडनमधली रात्र निघेल. तिला वेव्हर्लीला फलाटावर उभी राहू दे, तुमच्या डब्याचा नंबर तिला आधीच माहीत असेल.

आणि तिकीट काढताना तिला एक नक्की सांगा: जाताना वहिनींना उजव्या हाताची खिडकी मिळायला हवी. वाटेतल्या डरहॅम गावाचं कॅथीड्रल त्याच बाजूला दिसतं. नोव्हेंबरात तिकडे चारच्या आत अंधारतं, पण दहाच्या गाडीने तुम्ही दुपारी दीड-दोनच्या सुमारास बेरिकला याल. तिथं ट्वीड नदीवर 28 कमानींचा दगडी पूल आहे, 1850 मध्ये खुला झालेला. तो ओलांडला की थोड्या वेळात गाडी कड्याच्या काठाने धावू लागते, आणि उजवीकडे खाली थेट समुद्र असतो.